बॅग हरवली, बँड सापडला

पहिला अल्बम गाजला. दुसऱ्याच्या तोंडावर गाण्यांची वही गेली, आणि बँडमधल्या चौघांपैकी तिघांना प्रश्न पडला, की देवाचं नाव घेणाऱ्यानं रॉक वाजवावं का? यू-टूच्या ‘ऑक्टोबर’ची ही गोष्ट घडली डब्लिनमध्ये. पण जिथं खंजिरीवर भजन रंगतं, त्या वऱ्हाडात ती जरा जास्तच चांगली कळेल!

पहिल्या नोकरीचं सगळ्यांनाच कौतुक असतं. पेढे वाटले जातात, आई देवापुढे ऑफर लेटर ठेवते, मित्र पार्टी उकळतात. दुसऱ्या वर्षी पेढे कुणी वाटत नाही. दुसऱ्या वर्षी बॉस केबिनमध्ये बोलावून एवढंच विचारतो, ‘टार्गेटचं काय झालं?’

संगीताच्या धंद्यातही अगदी हेच होतं. पहिल्या अल्बमसाठी बँडकडे आख्ख्या पोरवयाचा साठा असतो. शाळेच्या वर्गातली, गॅरेजमधली, प्रेमभंगातली सगळी गाणी तयार असतात. मग टूर सुरू होते. आज हे शहर, उद्या ते शहर. परत आल्यावर कंपनी म्हणते, ‘चला, दुसरा अल्बम द्या, दोन महिन्यांत!’ खिशात काहीच नसतं. म्हणून दुसरा अल्बम म्हटलं, की भल्याभल्या बँडना धडकी भरते.

आता यू-टू हे नाव तुम्हाला नवं नाही. अमरावती-अकोल्याच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलांतून पेन ड्राइव्हवर जी इंग्रजी गाणी फिरली, त्यात ‘विथ ऑर विदाउट यू’ आणि ‘वन’ असणारच. ‘द जोशुआ ट्री’ माहीत असतो. पण ‘ऑक्टोबर’? ऐकलाय? बहुतेकांनी नाही. खुद्द फॅन लोकही त्याच्यावरून पटकन पुढे जातात. तरीही हा बँड आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहे, ते रूप ठरलं या अल्बमच्या आगेमागे. इथंच तो मोडणार होता आणि इथंच तो टिकला.

नोटीस बोर्डवरची चिठ्ठी

गोष्ट सुरू होते 1976मध्ये. डब्लिनच्या माउंट टेम्पल शाळेत लॅरी मलन ज्युनिअर नावाच्या 14 वर्षांच्या पोरानं नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावली, की मी ड्रम वाजवतो, बँड काढायचाय, कुणी येता का? जी पोरं आली, ती लॅरीच्या घरच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसली. त्यातला पॉल ह्यूसन पुढं बोनो झाला, डेव्ह इव्हान्स झाला ‘द एज’, आणि बेस गिटार घेऊन आला अ‍ॅडम क्लेटन. आधी ‘फीडबॅक’, मग ‘द हाइप’ अशी नावं बदलत ते यू-टूवर थांबले.

त्या वेळच्या आयर्लंडमध्ये तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट, यावरून तुमची शाळा, तुमचे मित्र, कधीकधी तुमचा जीवसुद्धा ठरायचा. उत्तरेत बॉम्ब फुटत होते. अशा दिवसांत माउंट टेम्पलमध्ये दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसायची. बोनोच्या तर घरातच दोन चर्च होती. वडील कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. 1974मध्ये, तो 14 वर्षांचा असताना आई गेली. तिच्या वडिलांच्या, म्हणजे बोनोच्या आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळी ती कोसळली आणि काही दिवसांत संपली. घरात राहिले तीन पुरुष, आणि आईचं नाव कुणी काढायचं नाही असा न बोललेला नियम. 1978मध्ये लॅरीचीही आई अपघातात गेली. देवाचा शोध ही या पोरांची फॅशन नव्हती. पोटातली आग होती.

ऑक्टोबर 1980मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘बॉय’ आला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. समीक्षकांनी पाठ थोपटली. आयलंड रेकॉर्ड्स, म्हणजे बॉब मार्लेचीच कंपनी, खूश होती. अमेरिकेची टूर ठरली. एकदम सॉलिड सुरुवात!

तिघं एकीकडे, एक एकीकडे

पण बाहेरून सगळं झकास दिसत असताना आत वेगळंच काही शिजत होतं. बोनो, एज आणि लॅरी हे तिघं डब्लिनमधल्या ‘शलोम’ नावाच्या ख्रिस्ती प्रार्थनागटात जायला लागले होते. मोठी इमारत नाही, झगमगाट नाही. लोक एकत्र बसायचे, बायबल वाचायचे, जोरजोरात प्रार्थना करायचे, साधेपणानं जगायचे. आई गमावलेल्या पोरांना तिथं घर मिळालं.

अ‍ॅडम मात्र त्यात नव्हता. त्याला रॉक स्टार व्हायचं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. टूरवर बाकीचे तिघं बायबल उघडून प्रार्थनेला बसायचे, तेव्हा तो एकटा पडायचा. तुमच्या फ्लॅटमध्ये चार रूम पार्टनर असतील, त्यातले तिघं अचानक पहाटे उठून ध्यानाला बसायला लागले आणि चौथ्याला कुणी काही म्हणत नाही, पण त्याला आपोआप परकं वाटतं... अगदी तसंच.

हळूहळू शलोममधली काही मंडळी म्हणू लागली, की हे रॉक, हा स्टेज, ही प्रसिद्धी हे सगळं अहंकाराचं घर आहे. खरा विश्वास असेल तर सोडून द्या. आणि या पोरांना ते पटायलाही लागलं होतं. एज तर बँड सोडण्याच्या निर्णयापर्यंत आला. एज नसेल तर मीही नाही, असं बोनोनं ठरवलं. विशीतल्या पोरांचा नुकता उभा राहिलेला बँड, आणि तो फुटणार कशावरून? पैसा नाही, पोरगी नाही, दारू नाही. देवावरून!

तसं पाहिलं तर देव आणि रॉक यांची गाठ तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत लॅरी नॉर्मननं 1969मध्येच ‘अपॉन धिस रॉक’ काढला होता, आणि ख्रिश्चन रॉकची सुरुवात तिथूनच मानतात. 1972मध्ये पेट्रा हा बँड निघाला. 1979मध्ये तर साक्षात बॉब डिलननं ‘स्लो ट्रेन कमिंग’ काढून आपण ख्रिस्ती झाल्याचं गाऊन सांगितलं. पुढे स्ट्रायपर आले, पिवळे-काळे पट्टेदार कपडे घालून स्टेजवरून बायबलच्या प्रती फेकणारे. त्यांचा 1986चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ तडाखेबंद खपला. पण यातल्या बऱ्याच बँडचं दुकानच वेगळं होतं. चर्चचे श्रोते, चर्चची दुकानं, चर्चची रेडिओ स्टेशनं. तिथं स्वतःची ओळख पटवून द्यावी लागत नाही, कारण समोरचा आधीच आपला असतो.

यू-टूनं ते दुकान कधीच मांडलं नाही. त्यामुळे ते ‘ख्रिश्चन रॉक बँड’ आहेत का, या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. चौघांपैकी तिघं श्रद्धाळू, चौथा नाही, कंपनी रेगेवाली, श्रोते पंक ऐकून मोठे झालेले. अशा लोकांसमोर त्यांना मनातली प्रार्थना म्हणायची होती. हे जास्त अवघड.

वही गेली!

मार्च 1981. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड शहर. शो संपला, गर्दी ओसरली आणि लक्षात आलं, की बोनोची बॅग गायब आहे. त्या बॅगेत दुसऱ्या अल्बमच्या गाण्यांचे शब्द होते. कच्चे खर्डे, सुचलेल्या ओळी, सगळं. आजसारखं क्लाउडवर बॅकअप घ्यायची सोय नव्हती. गेली म्हणजे गेली.

कीर्तनकाराची वही हरवावी आणि उत्तररंग तोंडावर यावा, तशी ही वेळ. त्यात घड्याळ पळत होतं. त्या उन्हाळ्यात डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. स्टुडिओचं भाडं तासावर. बोनो मायक्रोफोनसमोर उभा राहायचा आणि समोर वाजणाऱ्या संगीतावर तिथल्या तिथं शब्द जुळवायचा. काही जुळायचे, काही अर्धेच राहायचे. तेव्हा डोक्यात काय होतं? बायबल, स्तोत्रं, प्रार्थना. म्हणून तेच बाहेर पडलं.

वही असती तर बोनोनं ओळी घासल्या असत्या, नको ते खोडलं असतं, रॉकला शोभेलसं केलं असतं. वही नव्हती म्हणून जे होतं ते झाकता आलं नाही. ‘ऑक्टोबर’मधले शब्द अनेकदा तोकडे आहेत, पुन्हा पुन्हा तेच येतात, काही ठिकाणी वाक्यच पूर्ण होत नाही. समीक्षकांनी यावरून झोडपलंही. पण प्रार्थना म्हणणारा माणूस तरी कुठं पूर्ण वाक्यात बोलतो?

एक ग्लोरिया, दोन अर्थ

अल्बम उघडतो ‘ग्लोरिया’नं. या गाण्याचं धृपद चक्क लॅटिनमध्ये आहे! रॉकच्या गाण्यात चर्चची जुनी लॅटिन, म्हणजे आपल्याकडे गिटारवर संस्कृत श्लोक. यामागे मॅनेजर पॉल मॅगिनेसनं दिलेली ग्रेगोरियन चँटची रेकॉर्ड होती. आपल्या भाषेत शब्द सुचेनात, तेव्हा बोनोनं जुन्या स्तोत्रांची भाषा उसनी घेतली. गाण्याचा विषयही तोच, की मला बोलायचंय, पण तोंडातून शब्द फुटत नाही. ज्याची वही हरवलीय त्याचं याहून खरं गाणं कुठलं?

यात आणखी एक गंमत आहे. ‘ग्लोरिया’ नावाचं गाणं रॉकच्या चाहत्यांना आधीच ठाऊक होतं. 1964मध्ये व्हॅन मॉरिसनच्या ‘देम’ या बँडनं ते गायलं होतं आणि त्यातली ग्लोरिया ही एक पोरगी होती. यू-टूची ग्लोरिया म्हणजे देवाचा गौरव. नाव एकच. ऐकणाऱ्यानं ठरवावं, हाक कुणाला आहे. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ऐकताना तो घननीळ प्रियकर आहे की विठ्ठल, हा प्रश्न आपण कधी विचारतो का? दोन्ही आहे, आणि म्हणूनच ते गोड आहे.

‘टुमॉरो’ हे या अल्बममधलं काळीज. सुरुवातीला आयरिश पाइप्स वाजतात, कोपराखाली भाता दाबून वाजवायचं ते जुनं वाद्य. विनी किलडफनं वाजवलेला तो सूर ऐकला, की दारात कुणीतरी गेलंय हे शब्द न कळताही कळतं. गाणं आहे आईच्या अंत्ययात्रेचं. गंमत म्हणजे ते कशाबद्दल आहे, हे बोनोच्या स्वतःच्याही ध्यानात नंतर आलं. घरात ज्या विषयावर बोलायची बंदी, तो विषय मायक्रोफोनसमोर आपोआप बाहेर आला.

‘आय थ्र्यू अ ब्रिक थ्रू अ विंडो’मध्ये बापाशी चाललेली भांडणं आहेत. ‘रिजॉइस’ आणि ‘विथ अ शाउट’ उघडउघड भक्तीची. ‘स्कार्लेट’मध्ये तर एकच शब्द पुन्हा पुन्हा, नामस्मरणासारखा. आणि ‘ऑक्टोबर’ हे शीर्षकगीत म्हणजे जेमतेम सव्वादोन मिनिटं. एजनं गिटार बाजूला ठेवली आणि लहानपणी शिकलेला पियानो वाजवला. तिकडचा ऑक्टोबर म्हणजे पानगळ. झाडं उघडी पडतात, सगळं काढून घेतलं जातं. आपल्याकडे ऑक्टोबर हीट, सोयाबीन निघालेलं, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली. ऋतू उलटा, पण भाव कळतो. राज्यं येतात आणि जातात, काहीतरी एक टिकून राहतं, एवढंच त्या गाण्याला सांगायचंय.

निकाल: काठावर पास

12 ऑक्टोबर 1981 रोजी अल्बम बाजारात आला. ब्रिटनच्या यादीत तो 11व्या नंबरपर्यंत चढला, पण अमेरिकेत 104वर अडकला. ‘बॉय’ तिथं 63पर्यंत पोचला होता. म्हणजे अप्रेझलच्या भाषेत, ‘गेल्या वर्षीपेक्षा परफॉर्मन्स घसरला’! ‘फायर’ हे सिंगल ब्रिटनमध्ये 35वर, तर ‘ग्लोरिया’ 55वर.

एक गोष्ट मात्र नशिबानं घडली. त्याच वर्षी 1 ऑगस्टला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं होतं आणि त्यांना दाखवायला व्हिडिओ कमी पडत होते. डब्लिनच्या ग्रँड कॅनॉलच्या धक्क्यात एका बार्जवर उभं राहून यू-टूनं ‘ग्लोरिया’ वाजवलं. भोवती साधी आयरिश माणसं. तो व्हिडिओ एमटीव्हीवर फिरत राहिला. लॅटिन प्रार्थना अमेरिकेच्या पोरापोरींच्या दिवाणखान्यात शिरली, आणि तीही कुठल्याही चर्चच्या शिफारशीशिवाय.

पण आतला प्रश्न सुटायचाच होता. बोनो आणि एज मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, की आम्हाला हे पुढे जमेलसं वाटत नाही. मॅगिनेस काही धर्मोपदेशक नव्हता. तो रागावला नाही, वाद घातला नाही. त्यानं फक्त व्यवहार पुढं ठेवला. टूर ठरलीय, करार झालेत, लोक कामाला लागलेत. तर दिलेला शब्द मोडा असं देव खरंच सांगेल का, असा त्याचा सवाल होता.

दोघं विचारात पडले. आणि टूरवर गेले.

वरवर बघता ही मॅनेजरची हुशारी वाटते. पण त्यात एक मोठी गोष्ट दडलीय. श्रद्धा म्हणजे काम सोडणं, असं ही पोरं समजून बसली होती. मॅगिनेसनं त्यांना दाखवलं, की हातातलं काम नीट निभावणं, शब्द पाळणं, आपल्यावर अवलंबून असलेल्या चार माणसांना वाऱ्यावर न सोडणं, हीही श्रद्धाच असू शकते. रॉक सोडून देवाकडे जायचं नव्हतं. रॉकसकट जायचं होतं.

वऱ्हाडात हा प्रश्न जुना

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं डब्लिनचं, आपला काय संबंध? तर राजकमल चौकातून गाडी काढा आणि नागपूरच्या रस्त्यानं मोझरीला जा. अमरावती जिल्ह्यातल्याच यावलीत 1909मध्ये जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांच्या हातातलं वाद्य कुठलं? खंजिरी. शास्त्रीय मैफलीचा मान असलेलं वाद्य नव्हे. रस्त्यावर, जत्रेत वाजणारं. कुणाच्याही हातात मावणारं आणि कुणालाही ठेका धरायला लावणारं. त्या खंजिरीवर त्यांनी भक्ती गायली, गावसफाई गायली, व्यसनमुक्ती गायली, आणि 1942च्या आंदोलनात अशी गायली, की इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. 1955मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानला गेले, तेव्हाही त्यांचं भजन सोबत होतं.

गाडगेबाबाही याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनही कसं? श्रोत्यांना थेट प्रश्न विचारायचे, हसवायचे, उत्तर काढून घ्यायचे. देवाचं बोलायला सोवळं वाद्य लागतं, सोवळी भाषा लागते, हे या मातीनं कधी मानलंच नाही. खंजिरी पवित्र की अपवित्र, हा प्रश्न इथं कुणाला पडत नाही. ती कशासाठी वाजते, एवढंच लोक बघतात.

डब्लिनच्या त्या तीन पोरांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं. त्यांच्या शलोममध्ये गिटार हा मोहाचा रस्ता होता. आपल्या मोझरीत आजही खंजिरी भजनांच्या स्पर्धा रंगतात, पोरं ईर्षेनं वाजवतात, बक्षिसंही जिंकतात, आणि त्यानं कुणाची भक्ती बाटत नाही.

आणि हो, तुकडोजी महाराज गेले ती तारीखही ऑक्टोबरातलीच, 11 ऑक्टोबर 1968. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात लाखो माणसं एकाच वेळी स्तब्ध उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. आयुष्यभर ज्यानं लोकांना गायला लावलं, त्याच्यासाठी सगळे मिळून गप्प राहतात. त्या दोन क्षणांत जे ऐकू येतं, ते सव्वादोन मिनिटांच्या त्या पियानोच्या गाण्याच्या फार जवळचं आहे.

(चौकट)
मराठी चर्चमधले टाळ-मृदंग

देवासाठी कुठलं संगीत चालतं, हा वाद मराठी ख्रिस्ती समाजानं रॉकच्या किती तरी आधी पाहिलाय. त्याचा हिरो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या धर्मांतराची ठिणगी पडली ती विदर्भाच्या रेल्वेत! नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले आणि त्यांनी टिळकांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालायची. टिळक म्हणाले, आपला माणूस अभंगात रडतो आणि ओवीत हसतो, मग त्याची प्रार्थना परक्या चालीत का? त्यांनी ख्रिस्ती अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. या दोघांचा सगळा प्रवास वाचायचा असेल तर लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. हसून पुरेवाट होईल आणि डोळेही भरतील.

वऱ्हाडाचाही या इतिहासात वाटा आहे. अकोल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम आहे. यवतमाळात 1953मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. 1983मध्ये ती पुण्याला गेली. आणि टिळकांची गीतं ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.
(चौकट समाप्त)

मग पुढे काय झालं?

शलोम सुटलं. विश्वास सुटला नाही. 31 ऑगस्ट 1982 रोजी बोनोचं अ‍ॅलीशी लग्न झालं. नवरदेवाचा पाठराखा म्हणून त्यानं कुणाला उभं केलं असेल? एजला नाही, लॅरीला नाही. अ‍ॅडमला! जो प्रार्थनेत कधी बसला नव्हता, त्यालाच. ज्याला आपण नकळत बाजूला टाकलं, त्याला जवळ ओढायची ही रीत कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठी.

बोनो हनिमूनला गेला असताना एज घरी एकटा बसून गिटारशी झगडत होता. बँड की श्रद्धा, हा गुंता अजून पुरता सुटला नव्हता. त्या झगड्यातून ‘संडे ब्लडी संडे’चा गाभा निघाला. धर्माच्या नावावर रक्त सांडणाऱ्या आयर्लंडबद्दलचं ते गाणं. 1983मध्ये तिसरा अल्बम ‘वॉर’ आला आणि ब्रिटनमध्ये थेट एक नंबरवर गेला.

‘वॉर’चं शेवटचं गाणं ‘40’. स्टुडिओची वेळ संपत आलेली, एक गाणं कमी पडत होतं. अ‍ॅडम निघून गेला होता, म्हणून बेसही एजनंच वाजवला. शब्द कुठून आणायचे? बोनोनं बायबल उघडलं आणि 40वं स्तोत्र घेतलं. म्हणजे ‘ऑक्टोबर’मध्ये नाइलाजानं जे शिकले, तेच इथं कामी आलं. पुढे कित्येक वर्षं यू-टूचे शो याच गाण्यानं संपायचे. एकेक जण वाद्य ठेवून स्टेजवरून उतरायचा आणि हजारो लोक, त्यात चर्चची पायरी कधी न चढलेलेही, ते स्तोत्र गात गात घरी जायचे. हरिपाठ संपल्यावरही वारकरी गुणगुणत जातात, तसे.

आणि ती बॅग? ती सापडली! 1981मध्येच एका बाईला ती भाड्याच्या घराच्या माळ्यावर मिळाली होती. ऑक्टोबर 2004मध्ये, बोनो पोर्टलंडला आला असताना, ती त्याच्या हातात पडली. तब्बल 23 वर्षांनी. तोपर्यंत त्या शब्दांवाचून झालेला अल्बम जगभर पोचलाही होता.

15 डिसेंबर 2019 रोजी यू-टू पहिल्यांदा भारतात वाजले, ते आपल्याच महाराष्ट्रात. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘जोशुआ ट्री’ टूरचा हा शेवटचा शो होता. ए. आर. रहमान आपल्या मुलींसह स्टेजवर आले आणि ‘अहिंसा’ गायले. गांधींच्या देशात, बुद्ध-महावीरांच्या शब्दावर एका आयरिश ख्रिस्ती माणसानं सूर लावला. 1981मध्ये त्या पोरांनी गिटार खाली ठेवली असती, तर हे काहीच घडलं नसतं.

(चौकट)
‘ऑक्टोबर’ कसा ऐकाल?

एकूण 11 गाणी, 41 मिनिटं. म्हणजे बडनेऱ्याहून गाडीत बसलात तर अकोला यायच्या आत संपेल. आधी हे पाच ऐका :

ग्लोरिया : मोठ्या आवाजात. एजची गिटार आणि लॅरीचे ड्रम यासाठीच आहेत.

टुमॉरो : हेडफोन लावून, एकट्यानं. पाइप्सकडे लक्ष ठेवा.

ऑक्टोबर : रात्री दिवा मालवून. संपलं की लगेच पुढचं लावू नका.

रिजॉइस : सोमवारी सकाळी, ऑफिसला जाताना.

स्कार्लेट : शब्द शोधू नका, एकच आहे. तो किती वेगवेगळ्या पद्धतीनं म्हटलाय ते ऐका.
(चौकट समाप्त)

थोडक्यात काय, तर ‘ऑक्टोबर’ हा यू-टूचा सगळ्यात चांगला अल्बम नाही. तो मान ‘जोशुआ ट्री’ आणि ‘अखटंग बेबी’ यांनी वाटून घ्यावा. पण हा त्यांचा सगळ्यात उघडा अल्बम आहे. इथं पोज नाही, गॉगल नाही, स्टेडियम नाही. विशीतली चार पोरं आहेत. त्यांच्याकडे शब्द कमी आहेत, शंका भरपूर आहेत, आणि करायचं की सोडायचं हे ठरलेलं नाही.

पंचविशी-तिशीत तुम्हालाही हा प्रश्न पडतोच. कुणाला देवाचा, कुणाला आवडीच्या कामाचा, कुणाला गावी राहिलेल्या आईवडिलांचा. मनाला जे खरं वाटतं ते, आणि रोजचं हे नऊ ते सहा, यांची सांगड घालायची कशी? सगळं सोडून निघून जाणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याला फार सांगितल्या जातात. न सोडता, त्याच कामात आपलं खरं ते ओतणाऱ्यांच्या गोष्टी कमी सांगितल्या जातात. ‘ऑक्टोबर’ ही त्यातली एक आहे. वऱ्हाडात तिला फार समजावून सांगायची गरज नाही. इथं खंजिरी आधीपासूनच वाजतेय.